तू कोण ते आधी सिद्ध कर

६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

सगळं बदललं ते काल, मंगळवारी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी. इतकी नेमकी वेळ सांगतोय, कारण एक आजोबा काउंटरवर उभे राहून माझ्यावर ओरडत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होतो.

आमच्या लॅबचं तुला माहीत आहे. माणसं सकाळी उपाशीपोटी येतात, रक्त देऊन जातात, संध्याकाळी रिपोर्ट ईमेलने जातो. म्हणजे जातो असं आम्ही समजतो. आजोबा म्हणाले, "चार दिवस झाले, रिपोर्ट नाही." मी म्हणालो, "पाठवलाय." ते म्हणाले, "मग काय मी गिळला?" आणि मोबाइल माझ्या नाकाला लावला. मी त्यांचा स्पॅमचा कप्पा उघडला. टकलावर केस उगवणारं तेल आणि कुठल्याशा राजपुत्राची बेवारस इस्टेट यांच्या मधोमध आमचा रिपोर्ट बसला होता. आजोबांची साखर, हिमोग्लोबिन, सगळं त्या चोरांच्या मांडीला मांडी लावून.

आजोबा गेले. मी तिथेच. कारण त्याच सर्व्हरवरून, त्याच पत्त्यावरून जूनपासून मी तिला अकरा पत्रं पाठवली आहेत, आणि एकाचंही उत्तर नाही.

हो, तीच. तुझ्याच कॉलेजात शिकते ती. जूनमध्ये बसस्टँडवर आमचं भांडण झालं तेव्हा तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, "तू कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाहीस." हे माझ्या कॉलेज सोडण्यावर होतं. सरांनी कॉपीचा आळ घेतला, मी पेपर फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. त्यात चुकलो असं मला अजून वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत जायला हवं होतं, ते गेलो नाही. दोन, "फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. काय ते लिही." तूही अगदी हेच म्हणतेस आणि म्हणून मी आज कागद घेऊन बसलोय. तुम्ही दोघी ठरवून बोलता का?

माझं स्वतःचं ईमेल खातं मी कॉलेज सोडलं त्याच रागात बंद करून टाकलं होतं, म्हणून लॅबच्या पत्त्यावरून लिहिलं. अकरा वेळा एकच प्रश्न: मी राहिलेलं कॉलेज पुरं केलं तर तू माझ्यासाठी थांबशील का? ३० सप्टेंबरला ती दोन वर्षांसाठी परदेशी जातेय. त्याच्या आत मला उत्तर हवंय. दोन महिने वाटत होतं की ती मुद्दाम गप्प आहे. दोन महिने आई ताटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतेय. आणि पत्रं पडलीयेत केसांच्या तेलाशेजारी!

आता मुद्दा. तुझ्या कॉलेजच्या ईमेलची सगळी यंत्रं तू सांभाळतेस. दारावर तूच बसलीयेस. मग आमच्या लॅबचं नाव ओळखीच्यांत टाक ना, एका ओळीचं काम आहे. आणि जमलंच तर तिच्या स्पॅममध्ये डोकावून एवढंच सांग, अकरा आहेत ना?

तुझा भाचा

*

११ ऑगस्ट

चि. फटाक्या,

अनेक आशीर्वाद. नाही.

पहिल्या मागणीला नाही आणि दुसरीला दोनदा नाही. सात हजार मुलामुलींची पत्रं माझ्या हाताखालून जातात. सव्वीस वर्षांत मी एकाच्याही पेटीत डोकावले नाही. भाच्याचं प्रेम अडलंय म्हणून आता सुरुवात करणार नाही. आणि आज तुमच्या लॅबच्या नावाला डोळे झाकून आत सोडलं, तर उद्या तेच नाव सांगून कोण आत शिरेल त्याचा भरवसा काय?

तुझं दुखणं नेमकं तेच आहे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो. ईमेलचंही तसंच. उद्या एखादा भामटा तुमच्या लॅबच्या नावाने लिहील, "तुमच्या रक्तात भयंकर काही सापडलंय, लगेच इथे बोट दाबा." ते पत्र त्याचं की तुमचं, हे माझ्या यंत्राने ओळखायचं कसं? तुम्ही ओळखीची खूणच ठेवलेली नाही. म्हणून ते दोघांनाही एकाच टोपलीत टाकतं. माझं यंत्र उद्धट नाही बाळा, तुम्ही बेवारस आहात.

तीन कामं कर. पहिलं, यादी: आमच्या नावाने पत्र पाठवायचा हक्क अमुक-अमुक यंत्रांनाच आहे, असं तुमच्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @पुढच्या नावाच्या, नोंदींत जाहीर लिही. याला एसपीएफ म्हणतात. दुसरं, मोहोर. सर्व्हरवर किल्ल्यांची जोडी तयार कर. एक किल्ली आत लपवून ठेवायची, तिने प्रत्येक पत्रावर मोहोर उमटते. दुसरी नोंदींत उघड्यावर टांगायची, म्हणजे ज्याला हवं त्याने मोहोर पडताळून बघावी. हे डीकिम. आणि तिसरं, हुकूम. ज्या पत्राची ओळख पटत नाही त्याचं काय करायचं, ते तुम्हीच जगाला सांगायचं: नुसतं बघा आणि आम्हाला कळवा, किंवा स्पॅममध्ये टाका, किंवा दारातून परत पाठवा. हे डीमार्क.

सुरुवात "नुसतं बघा"ने करायची. निदान तीन आठवडे. ही ओळ पुन्हा वाच. आणि नोंदींना हात लावायच्या आधी पेन्सिल घेऊन अख्ख्या इमारतीत फीर आणि कुठलं यंत्र पत्र पाठवतं ते टिपून घे. काउंटरवरच्या बाईंना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तुझ्या आईला सांग, मी बरी आहे. डोळ्यांचं तेवढं कुरकुरतंय.

मावशी

*

१६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

सख्खी मावशी दारावर बसलीये आणि मी रस्त्यावर! ठीक आहे. केलं काम. ऐक काय झालं.

आमचा सर्व्हर कुठे आहे तुला माहीत आहे? जुन्या न्हाणीघरात. मालकांनी लॅब घेतली तेव्हा टाइल्स तशाच ठेवल्या. भिंतीवर अजून नळाची तोटी आहे आणि तिच्या बरोबर खाली लाकडी स्टुलावर सर्व्हर. रुग्णांची माहिती बाहेरच्या यंत्रावर जाता कामा नये, हा मालकांचा हट्ट. हट्ट चांगला आहे, पण मग निदान नळ तरी काढा! दाराचं लाकूड फुगलंय, आपटल्याशिवाय ते लागतच नाही. त्यामुळे मी आत जाऊन बाहेर आलो की सगळ्या लॅबला वाटतं, हा भडकला. (तसा मी भडकलेलाच असतो, पण ते वेगळं.)

मालकांना सांगितलं, यादी करायचीये, मोहोर करायचीये. म्हणाले, "चालू आहे ना?" मी म्हणालो, "चालू आहे, पण पोचत नाही." म्हणाले, "मग चालू आहे ना." मावशी, या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या रक्तातले दोष शोधलेत आणि स्वतःच्या सर्व्हरला ताप आलेला दिसत नाही.

तरीही बसलो. यादी लिहिली. किल्ल्या बनवल्या, उघडी किल्ली नोंदीत चिकटवताना मधेच तुटली, पुन्हा चिकटवली, तीनशे-साडेतीनशे अक्षरं, एकेक डोळ्यात तेल घालून. मोहोर उमटायला लागली! आणि यादी? यादीवर तपासणीचं यंत्र म्हणतं, कायमची चूक. कसली कायमची? काय चुकलं ते सांगत नाही, फक्त कायमची! सात वेळा पुसून सात वेळा लिहिली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अरे, तुझ्याआधी एक जण होता, त्यानेही असलंच काहीतरी लिहून ठेवलं होतं." मी म्हणालो, "बाई, त्याचं मला सांगू नका." त्याचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, सगळी केबल त्यानेच गुंतवून ठेवलीये.

पण एक काम झकास जमलं. जग माझ्या पत्रांची झडती घेतं ना? मग मीही घेणार! आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवर कडक पहारा बसवला. ज्याचं यंत्र स्वतःच्या यादीत नाही, त्याचं पत्र स्पॅममध्येसुद्धा नाही, दारातूनच परत. परत पाठवताना एक वाक्य जोडता येतं. सगळे तिथे इंग्रजीत काहीतरी गुळमुळीत लिहितात. मी आपल्या भाषेत लिहिलं, रोमन अक्षरांत: "तू कोण ते आधी सिद्ध कर. तोवर इथे काही पाठवू नकोस." कसं आहे? दोन दिवसांत काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "हल्ली पेटीत किती शांतता आहे रे!" मी छाती काढून फिरतोय.

यादीचं काय ते लवकर सांग. ३० सप्टेंबर पळत सुटलाय.

तुझा भाचा

*

२२ ऑगस्ट

चि. फटाक्या,

तुझ्या पत्राचं पहिलं पान वाचलं. मागचं पान वाचता आलं नाही. मोतीबिंदू पिकलाय आणि तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची शर्यत. त्यात काही महत्त्वाचं असेल तर मोठ्या अक्षरांत पुन्हा लिही.

यादी: काउंटरवरच्या बाईंनी तुला उत्तर दिलं होतं, तू ऐकलं नाहीस. तुझ्याआधीच्या पोराने एक यादी लिहून ठेवली आहे, तू दुसरी लिहिलीस. एका घराला दोन पाट्या लावल्यावर पोस्टमनने कुठली खरी मानायची? नियमच असा आहे, की दोन याद्या असल्या की दोन्ही रद्द. जुनी पूस, एकच ठेव.

परवा माझं ऑपरेशन आहे. त्यानंतर दोन-तीन आठवडे पडद्याकडे बघायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. कामावर माझा धाकटा सहकारी बसेल. तुझी पत्रं शेजारीण वाचून दाखवेल, तेव्हा जपून लिही, तिला हृदयाचा त्रास आहे.

आणि "नुसतं बघा"वरच राहा. तुला ओळखते म्हणून तिसऱ्यांदा सांगते.

मावशी

*

३ सप्टेंबर

प्रिय मावशी,

डोळा कसा आहे? शेजारच्या काकूंना नमस्कार. काकू, आधी बसून घ्या.

जुनी यादी पुसली आणि दहा मिनिटांत कायमची चूक गायब! आईच्या खात्यावर पत्र पाठवून पाहिलं: यादी पास, मोहोर पास. मी त्या न्हाणीघरात एकटा नाचलो, डोकं तोटीवर आपटलं. आणि मग, हो, माहितीये तू काय म्हणणार, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तुझं "नुसतं बघा" मी जेमतेम एक दिवस पाळलं. पण नुसतं बघायला मी काय कुंपणावरचा सरडा आहे? २६ तारखेला हुकूम बदलला. ज्याची ओळख पटत नाही ते दारातून परत.

२७ला सकाळी तिला बारावं पत्र पाठवलं. अकरा पत्रांचं सार चार ओळींत. दुसऱ्या दिवशी तुमच्या कॉलेजच्या यंत्राकडून रोजचा अहवाल आला: तुमच्या डोमेनकडून पत्र एक, ओळख पटली, रोखलं नाही. एक! ते माझंच. पोचलं मावशी, केसांच्या तेलाशेजारी नाही, समोरच्या पेटीत!

आणि त्याच दुपारी मालक जिना उतरून आले. वरच्या मजल्यावर रक्त तपासणारं जे मोठं यंत्र आहे, ते रिपोर्ट तयार झाला की परस्पर स्वतःच पाठवून देतं. मला माहीतच नव्हतं! यादीत ते नाही, त्याच्या पत्रांवर मोहोर नाही, आणि हुकूम मीच काढलेला: परत पाठवा. जगाने माझा हुकूम पाळला. एका दिवसात दोनशे बारा रिपोर्ट परत.

"दोनशे बारा," मालक म्हणाले. ओरडले नाहीत, त्यानेच जास्त लागलं. "एकेकाला फोन कर."

केले. वरचं यंत्र यादीत घातलं, त्याची पत्रं आमच्या सर्व्हरवरून वळवली म्हणजे मोहोरही लागेल, हुकूम मागे घेऊन पुन्हा "नुसतं बघा" केलं, आणि मग दोनशे बारा फोन. एकावरही ओरडलो नाही. सत्त्याऐंशीव्या फोनला घसा बसला म्हणून. काउंटरवरच्या बाई पाण्याचा पेला सरकवत होत्या. तू सांगितलेलं पेन्सिल घेऊन फिरायचं काम मी केलं नव्हतं, हे कबूल.

पण ते सगळं जाऊ दे. आज सहा दिवस झाले. आता सबब नाही. पत्र पोचलंय, तिने बघितलंय, आणि ती गप्प आहे. मावशी, स्पॅममध्ये होतं तेव्हा निदान आशा होती. ही मोहोर, यादी, सगळं कशासाठी केलं मी? नकार नीट पोचावा म्हणून?

तुझा भाचा

*

१२ सप्टेंबर

मावशी,

उत्तर नाही. तिचंही नाही, तुझंही नाही.

जाणाऱ्या पत्रांची नोंद रोज बघतो. बारावं पत्र स्वीकारलं, असं तुमच्या यंत्राने लिहून दिलंय. सोळा दिवस. एक अक्षर नाही. एवढा राग? "नाही" लिहायलाही बोटं झिजतात?

हुकूम "नुसतं बघा"वर पडलाय तसाच पडू दे. पुढच्या पायऱ्या ज्याला चढायच्या त्याने चढाव्यात. मालकांना सांगणार आहे, मी सोडतोय. तोटीखाली बसून दुसऱ्यांची पत्रं पोचवायची आणि आपलं एक येत नाही, हे कुणी सांगितलंय!

काकूंनी हे वाचलं नाही तरी चालेल.

*

१७ सप्टेंबर

चि. गाढवा,

हे नाव माझं नाही. कुणाचं ते खाली कळेल. अक्षर मोठं आहे कारण डोळा नवा आहे आणि मला त्याची हौस फिटेपर्यंत वापरायचाय.

सोमवारी कामावर रुजू झाले. अकराच्या सुमाराला एक मुलगी आली. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, एक विचारू? हसू नका." मी म्हटलं, "विचार. हसायचं की नाही ते नंतर ठरवू." तिने तीन कागद टेबलावर ठेवले. तिने पाठवलेली तीन पत्रं परत आली होती: २८ ऑगस्ट, २ सप्टेंबर, १० सप्टेंबर. वरचा भाग दुमडून मागे घातला होता, परत येतानाची ओळ तेवढी दिसत होती. तिन्हींवर एकच.

म्हणाली, "यंत्रं इंग्रजीत बोलतात ना? हे आपल्या भाषेत आहे. आणि मला 'तू' म्हणतंय. हे यंत्राने लिहिलंय की माणसाने?"

मी चष्मा लावून वाचलं. तू कोण ते आधी सिद्ध कर. तोवर इथे काही पाठवू नकोस.

पत्ता बघायची गरजच पडली नाही. असलं वाक्य आपल्याच घरात तयार होतं, तुझे आजोबा भाडेकरूंना हेच ऐकवायचे. मी म्हटलं, "पाठवलंय यंत्राने. पण वाक्य माझ्या भाच्याचं आहे."

तिने कागद पुन्हा वाचला. मग हसली, मग रडली, मग डोळे पुसून "गाढव" म्हणाली. मला नव्हे, असं मी धरून चालले.

घरी येऊन तुझं १६ ऑगस्टचं पत्र काढलं आणि नव्या डोळ्याने मागचं पान वाचलं. म्हणजे ही तुझी छाती काढून फिरण्याची गोष्ट! दोन महिने तू जगाच्या नावाने बोटं मोडलीस, की ऐकून न घेता कचऱ्यात टाकतात. आणि ती उत्तर द्यायला तीनदा तुझ्या दारात आली तर तिला तीनदा हाकललंस, आणि वर म्हणतोस ती गप्प का! जाणाऱ्यांची नोंद रोज बघतोस. येणाऱ्यांची एकदा तरी उघडलीस का?

आता माझं ऐक, कारण हे लिहिताना मला मान खाली घालावी लागतेय. तुझ्या पहाऱ्याने तिला अडवलं ते का? मी रजेवर असताना माझ्या सहकाऱ्याने मुलांची पत्रं नव्या यंत्रावरून पाठवायला सुरुवात केली, २५ ऑगस्टला. ते यंत्र आमच्या यादीत घालायचं राहिलं. पेन्सिल घेऊन फिरायला तुला सांगणारी मी. जाताना त्या पोराला ते सांगितलं नाही. बाकीच्या जगाने चार पत्रं स्पॅममध्ये टाकली असतील. दारातून शिवी घालून परत पाठवणारा तेवढा तू निघालास. माझ्या डोळ्यातलं कुसळ डॉक्टरांनी काढलं, तुझ्या डोळ्यातलं मुसळ तू काढ. यादी मी सोमवारीच दुरुस्त केली.

पत्रांत काय होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. जाताना एकच विचारलं: "ते लॅबचं काम त्याने पुरं केलं का?"

मी म्हटलं, "अर्ध्यावर आहे. सोडून जातो म्हणतोय."

खोटं बोलायची मला सवय नाही. काय करायचं ते तू बघ. तिचं विमान ३०लाच आहे.

मावशी

*

२३ सप्टेंबर

प्रिय मावशी,

हे उभ्याने लिहितोय, सर्व्हरच्या डोक्यावर कागद ठेवून. अकराची बस आहे. पत्र वाटेत टाकतो, कदाचित माझ्यानंतर पोचेल.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पहिल्यांदा वाचून मी काय केलं ते काकूंसमोर लिहीत नाही. मग येणाऱ्यांची नोंद उघडली. खरंच होती, मावशी. तारीख, वेळ, तिचा पत्ता, पत्राचं वजन, आणि पुढे माझं ते वाक्य. तीनदा. मजकूर नाही, दारातून परतलेल्या पत्राचा मजकूर आमच्याकडे उरतच नाही. फक्त वजन उरतं. पहिलं सगळ्यांत मोठं, दुसरं त्याच्या निम्मं, तिसरं जेमतेम दोन ओळींचं असेल. तिचे शब्द कमी होत जाताना मला दिसत होते आणि वाचता येत नव्हते.

तिच्याशिवाय आणखी तेहेतीस जण होते. त्यात एक हॉस्पिटल, दोन पुरवठादार आणि आमच्या मालकांचे सख्खे भाऊ. मालक म्हणाले, "तरीच म्हटलं, वाढदिवसाला कळवलं नाही त्याने." काउंटरवरच्या बाईंची शांतता!

ते वाक्य पुसलं. पहारा ठेवलाय, पण आता ज्याची ओळख पटत नाही ते स्पॅममध्ये जातं आणि बाई ते रोज सकाळी चाळतात. मग पेन्सिल घेऊन फिरलो. तळमजला, वरचा मजला, गच्चीवरची खोली. एक यंत्र अजून सापडलं: फ्रीजचं तापमान वाढलं की पत्र पाठवणारा डबा, धुळीत, तिथे कुणी चार वर्षं गेलं नव्हतं. तोही यादीत घातला. अहवाल रोजचे काढून बसलो: तीन तारखेपासून आमच्या नावाने गेलेली पत्रं चार हजारांच्या आसपास, ओळख न पटलेली फक्त त्या डब्याची. मग हुकूम एक पायरी चढवला, "स्पॅममध्ये टाका". शेवटची पायरी आज चढायची नाही. तीन आठवड्यांनी. कागदावर लिहून, तारखा घालून, तोटीला अडकवून ठेवलंय, आणि बाईंकडून दोनदा वाचून घेतलंय. त्या म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर इतका आरडाओरडा का केलास?"

मी पेन्सिल कानामागे खोचली.

मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "सोडून चाललास?" मी म्हणालो, "नाही. चार दिवसांची रजा." आणि अर्ज दिला. लेखी. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, जणू त्यालाही मोहोर हवी होती. आईने डबा दिलाय आणि एवढंच म्हणाली, "तिच्यासमोर ओरडू नकोस." मी म्हणालो, "तिसरी तू!"

हो, तुला मुख्य सांगायचंच राहिलं. काल सकाळी अकरा बेचाळीसला तिचं पत्र आलं. यादी पास, मोहोर पास. आणि हे मी आधी तपासलं, उघडलं नंतर, म्हणजे बघ माझं काय झालंय ते.

लिहिलंय: "बाई म्हणाल्या, आता दार उघडेल. ती तीन पत्रं मी पुन्हा पाठवणार नाही. त्यात काय होतं ते समोर येऊन विचार. सत्तावीसपर्यंत इथे आहे. काम पुरं करून ये."

एवढंच. हो होतं की नाही होतं, काही पत्ता लागत नाही. तीन पत्रांचं वजन तेवढं माझ्याकडे आहे, ते कागदावर टिपून खिशात घेतलंय, का ते विचारू नकोस. आणि कॉलेजचा फॉर्मही घेतलाय, भरलेला, सहीसकट. तो तिच्या उत्तरावर अवलंबून नाही. नाही म्हणाली तरी देणार आहे. हे मी स्वतःलाच तीनदा सांगितलंय, तुला चौथ्यांदा सांगतोय.

तुझ्या दारात येईन तेव्हा ओळख विचारशीलच.

काउंटरवर बाई हाक मारतायत, बस चुकेल म्हणून. सर्व्हरचा हिरवा दिवा लुकलुकतोय, कुणाचा तरी रिपोर्ट निघाला. तोटीवरचा कागद वाऱ्याने हलतोय, त्याला चिमटा लावला. पंखा बंद केला. पिशवी खांद्यावर. आता बाहेर येऊन दार ओढतोय, सगळी लॅब दचकून बघणार आहे. रागावलेलो नाही गं. आपटल्याशिवाय ते लागतच नाही.